लेकरांसह वस्तुसंग्रहालय पाहतांना

प्रवासानें ज्ञान वाढतें हें खरें. परंतु लहान मुलें बरोबर असलीं म्हणजे तें आपल्या बेताप्रमाणें न वाढतां त्यांच्या प्रश्नांप्रमाणें वाढतें. गेल्या नाताळच्या सुटींत आमचीं दोन लेकरें, वयें ५ व ८, यांस घेऊन चिंचवडाहून आगगाडीनें मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हां याचा चांगलाच प्रत्यय आला.

तेथील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. १९९८ पर्यंत तें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें ओळखलें जाई. त्याचा प्राणिविभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्यानें उभा राहिला. ही सोसायटी १८८३ सालीं मुंबईच्या आठ गृहस्थांनीं स्थापिली होती.

काचेपलीकडे रंगविलेलें रान, आणि त्यांत वाघ, गवा, रोहित पक्षी हुबेहूब मांडलेले. समोरून जाणारी मोटार चाकणच्या कोणत्या कारखान्यांतली, हें आमच्याकडील मुलें बिनचूक सांगतात. गवा मात्र या दोघांनीं प्रथमच पाहिला. धाकटी काचेला नाक लावून म्हणाली, "हा हलत कां नाहीं?" थोरला हळूच म्हणाला, "मेला आहे तो."

पुढें धनेश पक्षी होता. धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत शिरून तिचें तोंड लिंपून घेते व एक फट तेवढी ठेवते. त्या फटींतून नर तिला, आणि मागाहून पिलांनाही, कित्येक आठवडे फळें भरवितो. हें मीं सांगितलें मात्र, तोंच धाकटीनें विचारलें, "आणि त्यांच्या बाबांना कोणीं मारलें तर?"

गोड उत्तर देतां आलें असतें. पण लेकरांस खोटें सांगूं नये, असें मला वाटतें. "मग आंतलीं उपाशी राहतील," इतकेंच मी म्हणालों. तीं दोघें बराच वेळ बोललीं नाहींत.

नंतर त्यांस डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगितली. १९०८ सालीं, मुंबईंत लहान असतां, त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हें विचारावयास ते सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड साहेब यांजकडे गेले. साहेबांनीं त्या पोराला परत न लावतां पक्ष्यांच्या संग्रहाचे खण एकामागून एक उघडून दाखविले. पुढें त्या पोराचें सारें आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासांत व रक्षणांत गेलें. १९२६ सालीं याच प्राणिविभागांत मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली.

संग्रहालयाचा खरा उपयोग मला येथें दिसतो. मेलेल्या प्राण्यापाशीं नांव शिकावें, आणि त्याच्या जिवंत भाऊबंदांस जपावें. पहिल्या मनुष्यानें पशुपक्ष्यांस नांवें दिलीं, असें आपलें पवित्र शास्त्र सांगतें. त्या नांवांबरोबर त्यांची काळजीही आपल्याकडे आली आहे.

विद्यार्थी मित्रहो, पवनेच्या व इंद्रायणीच्या कांठीं आजही खंड्या आणि बगळे दिसतात. रविवारच्या उपासनेनंतर धाकट्या भावंडांस तेथें न्या. तीं विचारतील त्यास खरें उत्तर द्या. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर मिलर्ड साहेबांचे खण आठवून त्यांच्यासह शोधावयास बसा.