रोमची ६४ नंबरची बस

रोमला जाताय? मग ६४ नंबरची बस माहीत हवीच! टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी. टुरिस्ट खच्चून भरलेले, म्हणून खिसेकापूही हजर. मी दादरच्या गर्दीत वाढलेली, मला कोण लुटणार, अशी आपली ऐट. सॅक पाठीला, पाकीट, पासपोर्ट त्यातच. ब्रेक लागला, दोघं अंगावर आले, 'सॉरी' म्हणाले. उतरून पाहते तर चेन उघडी, पाकीट गायब! पासपोर्ट गाइडबुकात अडकला म्हणून वाचला.

पैसे गेले तर चार दिवस पिझ्झ्यावर निघतात हो. पण पासपोर्ट गेला की त्यावरचा व्हिसाही गेला. मग पोलिसात तक्रार, वकिलातीच्या फेऱ्या आणि हाती येतं इमर्जन्सी सर्टिफिकेट. तेही फक्त भारतात परतण्यापुरतं. पुढचं पॅरिस कॅन्सल!

आता आपला फंडा सिंपल: पासपोर्ट आणि जादाचं कार्ड कपड्यांच्या आत मनी बेल्टमध्ये, दिवसभराचे सुटे पैसे वेगळे, सॅक पोटावर, पासपोर्टची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत. आणि गर्दीत बेल्ट सारखा चाचपायचा नाही, चोराला पत्ता आपणच देतो. दादरला आई ओरडायची, "पर्स पुढे घे गं!" रोमलाही तेच लागू.