कुठल्या सालची जीप?

चि. सायलीस,


तू जीप घेतलीस हे तुझ्या आईकडून कळलं, तेही तक्रारीच्या सुरात. ‘फ्लॅटसाठी साठवलेले पैसे पोरीनं भंगारात घातलेत, आता तूच समजाव,’ असा फोन आला. मी समजावणार कसला! तू पाठवलेले फोटो मोठे करकरून बघत बसलो. बाभळीखाली उभी, बॉनेटवर कोंबडी, मागे भोंगा बांधायची लोखंडी चौकट आणि नाकावर नऊ उभ्या फटींची जाळी. महिंद्राच्या जुन्या जीपला सात फटी असतात, नऊ म्हणजे लढाईतली. ते बघून म्हटलं, हिला फोनवर सांगून भागणार नाही, सविस्तर लिहायला हवं.

पण नऊ फटींनी हुरळून जाऊ नकोस. जाळी कुणीही आणून बसवतो. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, त्याही एकाच आराखड्यावर, एकीचा भाग दुसरीला बसेल अशा. तुझी कुठली हे बघायचं तर रेडिएटरच्या खालचा चासीचा आडवा दांडा बघ. नळीसारखा गोल असला तर विलिस, पालथ्या पन्हळीसारखा असला तर फोर्ड. मग डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन बोल्टांची डोकी पुसत बस. फोर्डनं आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ उमटवून ठेवला होता. तारेचा ब्रश मारू नकोस, ते अक्षर आधीच झिजलेलं असतं. विलिसच्या चासीवर फोर्डचे बोल्ट निघाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. लढाईत वर्कशॉपवाले हाताला येईल तो भाग लावून गाडी पुढे पाठवत. शंभर टक्के शुद्ध जीप कारखान्याच्या फाटकापर्यंतच शुद्ध होती, असं माझं मत आहे.

इथेच तुला पहिला निर्णय घ्यायचाय. काचकागद विकत आणण्याआधी ठरव, की ही गाडी कुठल्या सालात न्यायची?

बहुतेक हौशी मंडळी डोळे मिटून १९४४ म्हणतात. पण हिशेब कर. सैन्यात तिची फार तर काही वर्षं गेली असतील. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावात अशा गाड्या निघाल्या आणि गावोगाव गेल्या. इकडे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलिसच्या जीप जोडायला घेतल्या, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही मिळत राहिले. सैन्यातून निघालेली जीप आपल्याकडे टिकली ती यामुळे. मग ती डॉक्टरांच्या दारात उभी राहिली, साखर कारखान्याच्या ऊस विभागात फिरली, निवडणुकीत भोंगा बांधून ओरडली आणि शेवटी वडापला लागली. ही पाऊणशे वर्षं पुसून टाकायची आणि सुरुवातीची दोन-तीन तेवढी चकचकीत करायची, हे मला पटत नाही.

तरी १९४४ च हवं असेल तर पैसे मोजून सगळं मिळतं. फिलिपिन्समध्ये पत्र्याची अख्खी नवी बॉडी तयार होते. हरियाणातल्या डबवालीत तर जीप बांधणं हाच गावाचा धंदा झालाय. ती कारागिरी मी वाईट म्हणणार नाही, नवी म्हणून विकली तर चोख आहे. पण नंबराच्या पाटीभोवती नवी गाडी उभी करून तिला आजोबांच्या वेळची म्हणणं, याला रिस्टोअर करणं म्हणत नाहीत. जुनी जीप घेताना डोळे उघडे ठेवावेत हा धडा सरकारलाही महागात पडलाय. १९४८ मध्ये आपले लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी डागडुजी केलेल्या जीपांचा व्यवहार केला. मागवलेल्यांपैकी हाती आल्या फक्त १५५, आणि स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जीपच्या नावावर लागला.

रंगाचंही आत्ताच सांगून टाकतो, कारण तू ऑलिव्ह ग्रीनचा डबा आणायला निघाली असशील. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाच. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे या छंदाची गंमत बघ, लष्करी गाडी तिच्या मूळ रंगात आणली की ती रस्त्यावर बेकायदा. लोक यातून पळवाटा काढतात, हिरव्यात थोडं पिवळं मिसळतात, रॅलीत कोण बघतंय म्हणतात. मला त्या नियमाचा राग येत नाही. उलट तो आपल्याला तिच्या दुसऱ्या आयुष्याकडे ढकलतो.

डॅशबोर्डच्या खाली, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जागा निवड. बारीक काचकागद पाण्यात बुडवून गोल गोल घास, एकेका रंगापाशी थांबत. वरचा लाल जाईल, त्याखाली पांढरा लागेल, मग कदाचित क्रीम किंवा राखाडी, मग लाल ऑक्साइड आणि अगदी तळाला तो मळकट हिरवा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी ही तिची वर्षं. आरसी बुकात पहिल्या नोंदणीचं साल असेलच, त्या सालच्या थराचा रंग पेंटरकडून जुळवून घे आणि तोच गाडीला दे. घासलेला चौकोन मात्र तसाच उघडा ठेव, वर फक्त पारदर्शक लॅकर मार. पेंटर त्यावर लांबी भरायला बघेल. त्याच्या उरावर उभी राहा.

बॉनेट उघडून फोटो काढला नाहीस, म्हणजे आत डिझेल इंजिन आहे असं मी धरून चालतो. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी सर्रास इंजिनं बदलली. पण २०२१ च्या दुरुस्तीनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर हवा असेल, तर गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचे वीस हजार भरायचे, दहा वर्षांची मुदत मिळते आणि रोज ऑफिसला न्यायची सोय नाही. तेव्हा मूळचं २१९९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन शोधायचं की डिझेल ठेवून साधी जीप म्हणून वापरायची, हे तुझं तू ठरव. मी शोधायच्या बाजूचा आहे. एकदा त्या इंजिनाचा आवाज ऐकलास की डिझेलची धडधड नको वाटेल.

आता जिवाच्या गोष्टी. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. गॅरेजमधला पोरगा पान्यावर उभा राहून सवयीनं डावीकडे दाबतो आणि स्टड तोडतो. लढाईतलं अस्सल चाक असेल तर त्याची रिम दोन तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली. आतल्या वर्तुळातले नट चाक हबला धरतात, बाहेरचे त्या दोन तुकड्यांना. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या नटांना हात लावायचा नाही. रिम उडून माणूस मरतो. ब्रेकची लाइन एकच आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, आणि हँडब्रेक चाकांना नाही, गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला लागतो. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर, रंग सगळ्यात शेवटी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, हे सिगारेट ओढणाऱ्या मित्रांना आधीच सांगून ठेव. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यात जुने रबरी पाइप टिकत नाहीत, तेही बदल.

आणि बॉनेटवर लाकडी मशिनगन बसवू नकोस. रॅलीत फोटोला गर्दी होते, मला माहीत आहे. पण ज्या गाडीतून माणसं खरोखर मरायला गेली तिच्यावर खेळण्यातली बंदूक मला बघवत नाही. त्यापेक्षा हेडलाइटची करामत लोकांना दाखव. नट सैल केला की दिवा आतल्या बाजूला उलटा फिरतो आणि इंजिनावर उजेड पाडतो. रात्री दुरुस्ती करायला बॅटरी धरणारा माणूस लागत नाही.

नगरला जाऊन ये. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय.) तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे, रोल्स रॉइसची चिलखती गाडी आणि १९६५ मध्ये हाती लागलेला पॅटन तिथे बघायला मिळतो. रणगाड्यापाशी सेल्फी काढून परत फिरू नकोस, रिव्हेट कसे मारलेत, पत्र्याच्या कडा कशा मुडपल्यात, ते बघ.

सध्या एकच काम कर. विलिसचा नंबर पुढच्या बंपरमागे, चासीच्या डाव्या दांड्याला आतून रिव्हेट केलेल्या पाटीवर असतो. फोर्डचा डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला ठोकलेला. पाटी हलवता येते, म्हणून रिव्हेट जुने आहेत का ते नीट बघ. आकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरव आणि तो ठसा मला पाठव. आरसी बुकातल्या नंबराशी जुळला तर सामानाची यादी करू. नाही जुळला तर आधी विकणाऱ्याला गाठायचं, आणि तेव्हा मी बरोबर येईन.

तुझा,
मामा