उतरायचं कुठे?

आमच्या संगमनेरला पूर्वी कुणी मुंबईहून परतलं की पहिला प्रश्न असायचा, "कुणाकडे उतरला होतात?" आता विचारतात, "कुठे उतरला होतात?" फरक एका शब्दाचा, पण बघा ना, मधल्या पन्नास वर्षांत काय बदललं ते सगळं त्यात आलं. तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीतसुद्धा पाहुण्याची वळकटी मावायची. आता नातेवाइकांची घरं मोठी आहेत, पण दोघंही नोकरीला, मुलांच्या परीक्षा... त्यांना चार दिवस अडकवून ठेवणं मलाच नको वाटतं.

'हे' गेल्याला चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी मुंबई पाहिली ती कामापुरती. लग्नकार्य, नाहीतर दवाखाना. काळ्या घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण ते पाहिलं फक्त बसच्या खिडकीतून. या वर्षी ठरवलं, आता जायचंच, आणि एकटीनं. मुलगा म्हणाला, "चांगलं हॉटेल बघून देतो. दार लावलं की काळजी नाही." अरे, पण दार लावून बसायला मला संगमनेरचं घर आहेच की! संध्याकाळी परत आल्यावर "काय काय पाहिलंत?" एवढं विचारणारं कुणीतरी हवं, इतकीच माझी अपेक्षा होती.

आधी एका धर्मशाळेत फोन केला. उत्तर आलं, "एकट्या व्यक्तीला खोली देत नाही." त्यांची काही कारणं असतील. अशी पाटी मी तीर्थक्षेत्रांच्या गावीही पाहिली आहे. पण मला चौंडी आठवली. जामखेड तालुक्यातलं हे गाव म्हणजे अहिल्यादेवींचं जन्मस्थान, साल १७२५. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याला त्यांचंच नाव मिळालं. या बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या केल्या, त्या वाटेवर ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी. आणि आता एकट्यालाच खोली नाही! असो.

मग नातीनं फोनवर हॉस्टेलं दाखवली. हॉस्टेल म्हणजे आमच्या डोक्यात वसतिगृह, रेक्टर आणि पातळ वरण! पण ही प्रवाशांची हॉस्टेलं. गंमत म्हणजे ही कल्पना एका शाळामास्तरांची आहे. रिशार्ड शिर्मन नावाचे जर्मन शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत गवतावर झोपून त्यांनी रात्र काढली. तेव्हा त्यांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर तिथे वाटसरू मुलांना का उतरवू नये? पुढे १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांचं युवा वसतिगृह सुरू झालं. आपल्याकडे युथ हॉस्टेल्स असोसिएशन १९४९ ची. मीही सहलीला मुलींना घेऊन परगावच्या शाळांच्या वर्गांत सतरंजीवर झोपले आहे, त्यामुळे शिर्मन मास्तर मला एकदम आपल्यातले वाटले.

पण निवडायचं कसं? पहिल्या हॉस्टेलात वयाची अट होती आणि ती मी केव्हाच ओलांडलेली. दुसरीकडे गच्चीवर रोज रात्री गाणीबजावणी. गजबज वेगळी आणि सोबत वेगळी, हे मला वर्गात चाळीस मुलं सांभाळून चांगलं कळतं. मग मी फोन करून सरळ प्रश्न विचारले. बायकांची खोली वेगळी आहे का? खालची खाट नक्की मिळेल का? (रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक खाटा असतात.) दिवे किती वाजता मालवता? आणि मुख्य म्हणजे, जेवायला सगळ्यांचं मिळून एक मोठं टेबल आहे का? तिसऱ्या ठिकाणच्या मुलानं सगळ्याला 'हो' म्हटलं आणि वर सांगितलं, "आजी, कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप आणा."

खोलीत आम्ही सहा जणी होतो. केरळची एक नर्स, दोघी मैत्रिणी भोपाळच्या, एक मुलगी झारखंडहून नोकरीच्या मुलाखतीला आलेली. पहिल्या संध्याकाळी मी टेबलावर बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि माझ्या मोडक्या हिंदीत "घ्या" म्हटलं. एवढंच पुरलं. झारखंडची मुलगी घाबरलेली होती. मला शिक्षिका कळल्यावर म्हणाली, "मेरे जवाब सुन लेंगी?" दहा वाजेपर्यंत मी प्रश्न विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. चार वर्षांत त्या रात्री प्रथमच मला झोपताना रेडिओ लावावा लागला नाही.

वस्तुसंग्रहालय दोन दिवस पाहिलं. तिथल्या मूर्तींबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

माझ्यासारखे एकटे राहणारे पुष्कळ आहेत. त्यांची मुलं काळजीपोटी त्यांना बंद दाराच्या खोल्या शोधून देतात. काळजी खरी आहे, तिला नावं ठेवत नाही. पण या वयात चोरापेक्षा शांततेची भीती जास्त वाटते हे मुलांना आपणच सांगायला हवं. उतरायची जागा ठरवताना गादी किती जाड आहे ते जरूर विचारा, पण त्याआधी जेवायचं टेबल किती मोठं आहे ते विचारा. पुढच्या हिवाळ्यात माझा नागपूरचा विचार आहे. खालच्या खाटेची चौकशी सुरू केली आहे.