कपिलधारचा कवी आणि कादंबरीची वाट

संतकवीवर कादंबरी लिहिणाऱ्याची पहिली गाठ पडते ती चमत्कारांशी. भक्तांच्या मनात त्याचे चरित्र आधीच पुरे झालेले असते. त्यातून माणूस शोधून काढावा लागतो. मराठीत हे काम सर्वांत नेमके साधले ते दि. बा. मोकाशी यांना, ‘आनंदओवरी’ (१९७४) या संत तुकारामांवरच्या छोट्या कादंबरीत. तिचा निवेदक तुकोबा नव्हेत, त्यांचा धाकटा भाऊ कान्हा, म्हणजे कान्होबा, आहे. तुकोबा नाहीसे झाल्यावर मागे उरलेला. कर्जखतांची वाटणी झाली तेव्हा तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले आणि कान्होबांचे त्यांच्या हाती दिले, असे परंपरा सांगते. एकाच घरात एकाने व्यवहार सोडला, दुसऱ्याने तो सांभाळला. कादंबरीचे बळ या दुसऱ्याच्या नजरेत आहे. भावाचे मोठेपण त्याला कळते, तशी तुकोबांच्या पत्नीची, जिजाईची, ओढाताणही दिसते. कान्होबांचे विरहाचे अभंग गाथेत आहेतच. मोकाशींची कल्पना त्या खऱ्या आवाजावर उभी आहे, म्हणून ती पोकळ वाटत नाही. शिवाय मोकाशी आधी वारीत स्वतः चालले होते. ‘पालखी’ हे पुस्तक त्यातून आले.

अशाच कादंबरीचे द्रव्य बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला आहे. पावसाळ्यात तिथल्या कड्यावरून पडणारा धबधबा पाहायला गर्दी होते, पण या जागेचे मोठेपण मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. वीरशैव परंपरेतले हे संतकवी सोळाव्या शतकातले मानले जातात. त्यांच्या ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे पारायण मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आजही होते, आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांहून पायी दिंड्या येतात.

वीरशैव विचाराचे मोठे धन कन्नड वचनांत आणि संस्कृत ग्रंथांत होते. ते मराठीत आणावे असे या कवीला का वाटले? त्याच शतकात गोदाकाठी पैठणला एकनाथ लिहीत होते. भोवती विठ्ठलाचा गजर होता. अशा मुलखात गळ्यात इष्टलिंग धारण केलेला कवी आपल्या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागतो, हे नाट्य कोणत्याही चमत्काराहून मोठे आहे. त्याला कान्होबासारखा साक्षीदार हवा: मठातला एखादा शिष्य, पोथी उतरवून घेणारा लेखनिक किंवा शंका घेणारा शेजारी.

मराठवाड्यातल्या कादंबरीकारांनी हा विषय हाती घ्यावा. आधी ‘परमरहस्य’ सावकाश वाचावे, कार्तिकात एखाद्या दिंडीबरोबर कपिलधारपर्यंत चालावे आणि मगच पहिले वाक्य लिहावे.