ताडपत्रीची गाठ कुणासाठी?

मैत्रिणींनो, गॅसचं सिलिंडर दारात आलं की तुम्ही आधी काय पाहता? सील, हो ना? एवढंसं प्लास्टिक ते, लहान मूलसुद्धा ओढून काढील. सिलिंडरची राखण करायची ताकद त्यात मुळीच नाही. पण ते तुटलेलं असलं, तर सिलिंडर घरात घेण्याआधीच आपल्याला कळतं की याला कुणाचा तरी हात लागलाय. मालाच्या गाडीवरच्या ताडपत्रीचंही असंच आहे. ती चोराला अडवील ही आशा सोडून द्यावी, आणि चोरी झाली तर ती बोलली पाहिजे, अशी बांधावी. आज एवढंच सांगायचं आहे.

आमच्या बार्शीटाकळीहून अकोला वीसेक किलोमीटर. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग कापूस, संक्रांतीनंतर तूर. पूर्वी बैलगाड्या जायच्या, आता पिकअप नाहीतर छोटा हत्ती. वर निळी किंवा पिवळी ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. त्या ताडपत्रीखाली काय असतं ते आपण बायकांनाच ठाऊक! कृषी केंद्राची उधारी, पोरांची फी, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, नि उरलं तर एखादं लुगडं. वर्षाचा संसारच तो, दोरीने बांधलेला.

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझ्या चुलत जावेने तीस कट्टे सोयाबीन भरून दिलं, पंधरा क्विंटल. सकाळी लवकर नंबर लागावा म्हणून गाडी आदल्या रात्रीच गेली आणि रस्त्याकडेला उभी राहिली. सकाळी उतरवताना कट्टे भरले अठ्ठावीस. ताडपत्री धड, गाठी जागच्या जागी! दोन कट्टे म्हणजे एक क्विंटल. त्या वर्षीच्या हमीभावाने धरलं तरी ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव त्याहून खालीच होता. म्हणजे पैशांचं नुकसान सोसण्यासारखं होतं.

न सोसणारं नुकसान वेगळंच झालं. गाडीवाला आमच्याच गल्लीतला, बारा वर्षांचा घरोबा. जावेच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता दवाखान्यात यानेच नेलेलं. तो दारात उभा राहून सांगत होता, "वहिनी, मी जेवाले गेलो तेवढाच येळ, बाकी रातभर कॅबिनमधीच होतो जी." त्याला कुणी चोर म्हटलं नाही. पण "तू नाहीस रे बाबा" असंही कुणी म्हटलं नाही. तुरीच्या वेळी गाडी दुसऱ्याची सांगितली गेली. त्याच्या बायकोने विरजण मागायला येणं सोडलं. त्या वर्षी हळदीकुंकवालाही ती आली नाही.

मला वाटतं, चोराने ताडपत्री फाडली असती तर बरं झालं असतं! ती फाट त्या माणसाच्या बाजूने बोलली असती.

आता ताडपत्री कितपत भरवशाची, ते पाहू. बाजारात मिळते ती बहुतेक प्लास्टिकच्या विणलेल्या कापडाची. विळ्याचं टोक लावलं की सरळ चिरत जाते. मेण लावलेलं कॅनव्हास जाड असतं, त्याला जरा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. पण मुरलेला चोर फाडतच नाही. तो गाठ सोडतो, हवं ते काढतो आणि तश्शीच गाठ पुन्हा मारतो. चोरी उघडकीला येते ती थेट माल उतरवताना. तोवर गाडी कुठे, चोर कुठे!

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर घालायची खास झाकणं मिळतात. कापडासारखी गुंडाळायची मिळतात, तशी ॲल्युमिनियमची घडीची नि कुलपाचीही. कापडी झाकण तिथेही चाकूने फाटतं. आणि पत्र्याचं असलं तरी मागचा फाळका कुलपाने बंद होत नसेल तर ते फुकटच. वरून झाकलं नि मागून दार सताड उघडं! आपल्या गाड्यांचंही तेच. फाळक्याच्या कड्या बाहेरून कुणालाही उघडता येतात. तेव्हा दोरीला चार वेढे जास्त देण्याआधी फाळक्याला साखळी घालून कुलूप लावायला सांगा.

मालाच्या गाड्या देशोदेशींच्या सीमा ओलांडतात, तेव्हा त्यांचं काय करतात? त्यासाठी १९७५ साली जिनिव्हाला टीआयआर नावाचा करार झाला, आणि २०१७ साली भारतही त्यात आला. त्यात ताडपत्रीच्या गाडीलाही मुभा आहे, पण अट मोठी शहाणपणाची. दोरी अखंड हवी. ती कड्यांतून ओवत न्यायची, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि तिथे सील ठोकायचं. म्हणजे खूण मागे ठेवल्याशिवाय आत हातच घालता येऊ नये. चोरी होणारच नाही असं तो करार म्हणत नाही. चोरी लपता कामा नये, एवढंच पाहतो.

हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. दोरी जोडाची नको, एकच लांब घ्या. टोकं कॅबिनच्या बाजूला आणून गाठीवर नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा. काही रुपयांत मिळतं. नंबर आपल्या वहीत आणि गाडीवाल्याच्या चिठ्ठीतही लिहा. कट्ट्यांची तोंडं रंगीत दोऱ्याने शिवा, म्हणजे कट्टा तोच राहून आतलं दोन-चार किलो गेलं तरी कळेल. भरताना कट्टे दोघांनी मिळून मोजा, शक्य तर वजनकाट्याची पावती घ्या आणि निघण्याआधी गाडीचा मागून-पुढून मोबाईलवर फोटो काढा. आणि रात्री थांबायचंच असेल तर फाळका भिंतीला भिडवून, उजेडाखाली गाडी लावायला सांगा.

एवढं करूनही माल गेलाच, तर पोलिसांत तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये मालवाहू गाडीतून माल चोरण्याचा वेगळा उल्लेख आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीचा विमा तो गाडीचा. आतल्या मालाचा विमा वेगळा काढावा लागतो.

कुणी म्हणेल, ओळखीच्या माणसाच्या गाडीला सील लावायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा! मला तर उलट वाटतं. वाण्याकडचा हिशोब वहीत लिहितो म्हणून वाणी चोर ठरत नाही. लिहिलेलं असतं म्हणूनच वाद होत नाही आणि वर्षानुवर्षं दुकान तेच राहतं. सीलाचा नंबर सकाळी जुळला आणि तरी कट्टे कमी भरले, तर शोध दुसरीकडे घ्यायचा. सील तुटलेलं असलं, तर गाडीवालाच पहाटे फोन करून सांगेल. दोन्हीकडून त्याची मान ताठच राहते.

गेल्या हंगामात जावेला मी हे सारं सांगितलं. सीलं आणली, वही घातली. मग तीच त्या गाडीवाल्याच्या घरी गेली आणि "भाऊ, यंदा सोयाबीन तुमच्याच गाडीत न्यायचं," म्हणून आली. त्याने होकार दिलाय. त्याची बायको मात्र अजून विरजण मागायला आलेली नाही. त्याला वेळ लागेल.