रंगाचा रकाना

गेल्या वर्षी रमजानच्या थोडे आधी शिकागोहून थोरल्या आपाचा फोन आला. सलाम झाला आणि पुढे नुसते रडणे. आमच्या भाच्याने लग्नासाठी मुलगी पसंत केली होती. मुलगी मुसलमान, आईवडील मुसलमान, घर नमाज-रोजाचे. शिकलेली, रुग्णालयात नोकरीला. "मग अडलं कुठे?" आम्ही विचारले. आपा थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "काळी आहे रे."

काळी म्हणजे सावळी नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशातली, अमेरिकेतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या घरातली मुलगी.

आम्ही त्यावर काय म्हणालो ते लिहिताना लाज वाटते. पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बी.एड. झालेले, उर्दू शाळेत इतिहास शिकवणारे, मिलादच्या जलशात हजरत बिलाल यांच्यावर भाषण देणारे आम्ही म्हणालो, "आपा, पोराला जरा समजाव. बिरादरीत काय तोंड दाखवायचं? आणि उद्या मुलाबाळांचं काय?"

फोन ठेवला तेव्हा समोरच्या भिंतीवर मुहम्मद अलीचे चित्र होते. अब्बांनी मासिकातून कापून चौकटीत बसवलेले. १९६४ साली तो मुष्टियुद्धाचा जगज्जेता झाला आणि लगेच त्याने आपला इस्लाम जाहीर केला. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचे विजेतेपद काढून घेतले. ही हकिकत अब्बा आलेल्या-गेलेल्याला सांगत. "अपना मुहम्मद अली" हे त्यांचे शब्द. म्हणजे काळा माणूस भिंतीवर चालत होता, तो 'अपना' होता. त्याच रंगाची मुलगी सून म्हणून येते म्हटल्यावर मात्र आमच्या घशाला कोरड पडली.

ही गोष्ट आपाने लेकाला सांगितली असावी. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. पोरगा शिकागोत जन्मलेला, पण बोलतो आपली दखनीच. "मामू, तुम्ही इतिहास शिकवता ना? भगतसिंग थिंदचा १९२३ चा खटला वाचा. मग बोलू."

आम्ही वाचला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली. मधल्या सगळ्यांना आपण गोरे आहोत हे कोर्टात सिद्ध करावे लागे. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, 'कातडी गोरी असेल, पण तुम्ही कॉकेशियन वंशाचे नाही, म्हणून गोरे नाही.' तीनच महिन्यांनी थिंद उभे राहिले. पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. त्यांनी वंशशास्त्राचे दाखले देऊन आपण कॉकेशियन असल्याचे मांडले. त्याच न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलँड यांनी, निकाल लिहिला : 'पंडित काहीही म्हणोत, सामान्य माणूस तुम्हाला गोरा मानत नाही.' त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

इथवर आम्हाला थिंद यांची कणव येत होती. पुढे त्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद आला. त्याचा आशय असा, की आमच्याकडचा उच्चवर्णीय माणूस खालच्या जमातींशी सोयरीक करताना तसाच नाक मुरडतो, जसा तुमचा गोरा निग्रोंशी करताना मुरडतो. म्हणून आम्हालाही गोऱ्यांत घ्या!

आम्ही पुस्तक मिटले. फोनवर आपाला आम्ही याहून वेगळे काय सांगितले होते?

भाच्याशी बोलणे झाले तेव्हा तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "थिंद दुसऱ्याला खाली दाखवून आत जायला निघाले, तरी दार उघडलं नाही. दार कुणी उघडलं ते बघा." तेही पाहिले. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण नवे लोक यायचे ते वर्षाला जेमतेम १००. खरी वाट १९६५ च्या कायद्याने मोकळी झाली. देश पाहून माणसे मोजण्याची जुनी पद्धत त्याने मोडली. आणि तो कायदा आला कशाच्या पाठोपाठ? काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन १९६४ चा नागरी हक्क कायदा मिळवला, त्याच्या पाठोपाठ. दुल्हाभाईंचे थोरले भाऊ आधी गेले, मग भावाच्या नात्याने दुल्हाभाई, मग १९९८ मध्ये निकाह होऊन आपा. ज्या लोकांच्या लढ्यातून तो व्हिसा निघाला, त्यांची लेक आम्हाला सोयरिकीला चालत नव्हती.

आमची अशीही समजूत होती, की अमेरिकेत इस्लाम नेला तो आपल्यासारख्यांनी. उमर इब्न सईद हा सेनेगलकडचा आलिम १८०७ मध्ये गुलाम म्हणून चार्ल्सटनला उतरवला गेला. १८३१ मध्ये त्याने आपली जीवनकथा अरबीत लिहिली, सुरुवात सूरह मुल्कने केली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. मागल्या शतकात बंगालचे मुसलमान फेरीवाले आणि खलाशी तिकडे गेले, तेव्हा त्यांना घर कुणी दिले? न्यू ऑर्लिन्स आणि हार्लेममधल्या काळ्या वस्त्यांनी. त्यांनी तिथेच निकाह केले, तिथेच मिसळून गेले. म्हणजे आमचा भाचा काही नवे करत नव्हता. होणाऱ्या सुनेचे आजोबा १९७५ नंतर वारिस दीन मुहम्मद यांच्या मागून सुन्नी जमातीत आलेले. आपा अमेरिकेत पोचली त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीपासून त्यांच्या घरात तरावीह चालू आहे.

"आणि मुलाबाळांचं काय, विचारत होतात ना मामू?" भाचा हसून म्हणाला. "शिरगणतीच्या फॉर्मवर दोन रकान्यांत खूण करतील. २००० सालापासून तशी सोय आहे." मग त्याने आणखी एक गंमत सांगितली. १९७० च्या शिरगणतीत हिंदी लोकांची मोजणी गोऱ्यांत झाली होती. १९८० मध्ये त्यांच्यासाठी निराळा रकाना आला. एका पिढीत आम्ही गोऱ्याचे हिंदी झालो, कातडी होती तीच राहिली. याच देशात १९६७ पर्यंत १६ राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्न गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा काढून टाकला. आमच्या मनातला कायदा काढायला मात्र कुठले कोर्ट आले नाही, घरचे पोर आले.

निकाह शिकागोत झाला. आम्ही तो फोनवर पाहिला. कबूल झाल्यावर आपा पुन्हा रडली, पण सुनेच्या गळ्यात पडून. रडता रडता तिचा दुपट्टा सुनेच्या डोक्यावरच्या फुलांत अडकला. तो सोडवायला दोन्हीकडच्या बायका धावल्या.

आता येत्या हिवाळ्यात दोघे येणार आहेत. आम्ही राहतो ते शहर १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी म्हणून वसवले. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा आधार झाला. दरवर्षी आम्ही वर्गात त्याची नहर फळ्यावर काढून दाखवतो. सुनेच्या आजोबांनी हे नाव कुठेतरी वाचले आहे. खुलताबादला त्याच्या कबरीवर फातिहा वाचून ये, असे त्यांनी नातीला बजावले आहे. इतकी वर्षे इथे राहून आम्ही स्वतः तिथे दोनदाच गेलो, तेही शाळेच्या सहलीबरोबर.

परवा अम्मीला म्हणालो, "मोहल्ल्यातल्या बायका येतील, विचारतील. काय सांगायचं?" मनातला चोर अजून पुरता गेलेला नाही, हे विचारतानाच आमच्या लक्षात आले. अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हणजे? नातसून आलीय म्हणून सांग. आणि तिला तिखट चालतं का, ते आपाला आधी विचारून ठेव."