सेल्फ जड घेते

जानेवारीत पहाटे पावणेपाचला फोन आला. फैजपूरजवळच्या गावी आत्या गेली. नानांनी फोन ठेवला, कपाटातून साडीची पिशवी काढली आणि म्हणाले, "गाडी काढ."

धुळ्यात पारा ६ वर होता. हे सांगितलं की पुण्यातले मित्र हसतात. त्यांच्या डोक्यात खानदेश म्हणजे मे महिना आणि जळगावचे ४५ अंश. पण हिवाळ्यात उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की आमच्याकडे पहाट ५-६ अंशांवर उतरते, आणि नळाखाली हात धरवत नाही.

मी चावी फिरवली. बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट-कट. आणि डॅशबोर्डवर दिवाळी! एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन, सगळे दिवे एकदम. घड्याळ १२ वर गेलं, सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करायला लागलं. मी व्हिडिओ काढून एका हेल्पलाइनला पाठवला. उत्तर आलं, ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर गेला असेल, दहानंतर टो करून आणा.

दहानंतर! बाई गेली की माहेरचं लुगडं लागतं. भावाने आणलेली साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. फैजपूर दीडशेच्या आसपास किलोमीटर. तिकडे सगळे नानांची वाट बघत बसणार होते, आणि नाना स्वेटर घालून, पिशवी छातीशी धरून अंगणात उभे होते. मला काही बोलत नव्हते. ते जास्त अवघड होतं.

शेवटी देवपूरचा आमचा इलेक्ट्रिशियन उठून आला. मोटारसायकलवर, कानटोपी घालून, खांद्यावर जंपर केबल. त्याने डॅशबोर्डकडे बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, बॅटरीला मीटर लावला. ११.६. "मारा सेल्फ." मी मारला, आकडा धपकन ७ वर. टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार साचला होता, त्यावर त्याने आईकडून आणवलेलं गरम पाणी ओतलं आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी मरस उन्हायामा, समजस हिवायामा."

मला वाटलं, ही नुसती म्हण. पण नंतर वाचलं तर ती अक्षरशः खरी निघाली. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि आम्लाचं पाणी असतं. उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी आटतं, प्लेटांची जाळी भराभर गंजते. तरीही मेमध्ये गाडी सुरू होते, कारण गरमीत रासायनिक क्रिया जोरात चालते आणि इंजिन ऑइलही पातळ असतं. थंडीत ऑइल दाटतं, म्हणजे सेल्फला इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी सुस्तावलेली असते. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या फार खाली गेली की कॉम्प्युटर आणि सेन्सर यांना पुरेशी वीज मिळत नाही, आणि ते भलतेसलते दिवे लावतात. आमच्या गाडीत बाकी काहीच बिघडलं नव्हतं. (लडाखला गेलेल्यांचे फोन ४० टक्क्यांवर पटकन बंद पडतात, तेही थंडीने सुस्तावलेल्या बॅटरीचंच दुखणं. फक्त तिथे शिसं नाही, लिथियम.)

पण मला हे वाचायची गरज नव्हती. नानांनी जूनमध्येच फोनवर सांगितलं होतं, "सेल्फ जड घेते रे गाडी." मी म्हणालो, "चालतेय ना? मग राहू द्या." ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगितलं. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, दिवाळीत आलो की बघू. दिवाळीत दोनच दिवस आलो आणि विसरलो. मी गेल्यावर भाऊबीज होती. एरंडोलच्या पुढे कुठे बंद पडली तर एकट्याने काय करायचं, म्हणून नाना आत्याकडे गेलेच नाहीत. "संक्रांतीला जाईन," असं त्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं.

केबल लावली. त्याच्या मोटारसायकलच्या बॅटरीने काय होणार, म्हणून शेजारच्या काकांची जीप उठवली. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारला आणि गाडी उठली. सगळे दिवे एकेक करून विझले. "वाटमा बंद करू नका," त्याने बजावलं. पैसे घ्यायला तयार नव्हता. आत्याचं कळल्यावर तर नाहीच.

पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. कुठेही थांबलो नाही. चहाही नाही. तापी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. रात्री पेटवलेल्या काडीकचऱ्याचा धूर अजून बांधावर होता. "थंडीमा घड निसवत नहीत नीट," नाना म्हणाले. धुळ्यापासूनचं ते पहिलं वाक्य.

साडेदहाला पोचलो. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. मी गाडी बंद केली नाही. परत सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून स्टिअरिंगवरच बसून राहिलो. नाना एकटेच पिशवी घेऊन गेले. काचेतून दिसत होतं. त्यांनी साडी बाहेर काढली, जांभळ्या काठाची. घडीवर दुकानाचा किमतीचा कागद अजून तसाच होता. पिशवीवर दिवाळीची पणती छापलेली होती. एका बाईने कागद काढला आणि पदर उलगडला.